हिरव्यावर हिरवी पट्टी

बत्तीस वर्षांच्या सेवेत मी राष्ट्राच्या संरक्षणसिद्धतेत मोलाची भर घातली, असं माझ्या निरोप समारंभात सांगण्यात आलं. सांगणाऱ्या साहेबांनी माझं आडनाव दोनदा चुकवलं आणि माझ्या खात्याचं नाव एकदा; पण वाक्य खरं आहे. मी भर घातली आहे. ती चाळीस सेंटिमीटरची आहे.

खात्याचं नाव 'पर्यावरण, सुरक्षा व आरोग्य'. खातं म्हणजे मी, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं. नळकांड्याच्या तपासणीची तारीख उलटली की मी खात्यातर्फे कारखान्याला पत्र लिहीत असे, आणि कारखान्यातर्फे त्याचं उत्तरही मीच देत असे. या पत्रव्यवहारात दोन्ही बाजूंची भाषा अत्यंत सौजन्यपूर्ण होती.

आमचा कारखाना सिल्वासाजवळ सायलीला. मी सिल्वासाची, वडील कोकणातून इथे सरकारी शाळेत मास्तर म्हणून आले आणि बदलीची वाट बघत निवृत्त झाले. मी रसायनशास्त्र शिकले होते, त्यामुळे कोणत्या पिंपात काय आहे हे वाचता येणारी बाई, या पात्रतेवर मला नोकरी मिळाली. तेव्हा कारखाना आइस्क्रीमच्या गाड्यांचे डबे बनवायचा. गाडीवर बसवायची पत्र्याची खोली, आत थंड, बाहेरून पांढरी, वर गुलाबी कोन काढलेला. पुढे मालकांना सैन्याचं काम मिळालं. वस्तू तीच, पत्र्याची खोली. फक्त आता आत आइस्क्रीमऐवजी चार जवान आणि त्यांची वायरलेसची यंत्रं बसणार होती. मागच्या भिंतीला जनरेटर, चढायला शिडी, आणि गुलाबी कोनाच्या जागी हिरवा-मातकट रंग. कागदावर या वस्तूचं नाव दोन ओळींचं होतं. कामगार तिला 'डबा' म्हणत आले होते, तसंच म्हणत राहिले.

सैन्याच्या कामात एक नियम असतो, आणि तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. एखादी वस्तू बनवायच्या आधी, पहिल्या रेघेपासूनच, ती कोणाला कशी इजा करील याचा विचार करायचा. बनवणाऱ्याला, वापरणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला, आणि वीस वर्षांनी ती भंगारात मोडणाऱ्यालाही. वजन किती, वीज किती लागेल हे जसं पहिल्याच दिवशी ठरतं, तसं रंगाचा वास कोणाच्या छातीत जाईल आणि बॅटरीचं पाणी कोणाच्या शेतात जाईल हेही त्याच दिवशी ठरवायचं. कारण साधं आहे. कागदावरची रेघ हलवायला खोडरबर लागतं. लोखंडावरची हलवायला गॅस कटर लागतो, आणि त्याआधी सात सह्या.

धोका सापडला तर काय करायचं याचाही क्रम ठरलेला असतो. आधी तो धोकाच काढून टाकता येतो का बघायचं. नाही तर त्याला झाकायचं. तेही नाही जमलं तर इशाऱ्याची पट्टी चिकटवायची. आणि काहीच नाही तर माणसाला हातमोजे द्यायचे. आमच्याकडे हा क्रम शेवटाकडून सुरू व्हायचा आणि बहुधा पट्टीपाशी थांबायचा.

संकल्पचित्र विभागाचे प्रमुख अभ्यंकर. हुशार माणूस, पुण्याचा, बोलताना हवेत वर्तुळं काढायचा. पडद्यावर दाखवायच्या चित्रांतही त्यांना वर्तुळंच आवडत. एका मोठ्या वर्तुळात सहा लहान वर्तुळं, सगळी एकमेकांत अडकलेली, आणि त्यातल्या एकात मी. "हे बघा, सुरक्षा आपण पूर्णपणे एकात्म केली आहे," असं ते पाहुण्यांना सांगत. ते वर्तुळ बघून मला स्वतःबद्दल आदर वाटायचा. प्रत्यक्षात ड्रॉइंगच्या बैठकीला मला बोलावणं यायचं ते ड्रॉइंग कायम झाल्यावर, चहानंतर आणि आभारप्रदर्शनाच्या आधी.

सैन्याने आमच्याकडे या विषयाची एक योजना मागितली, लेखी. योजना चार दिवसांत हवी होती. अभ्यंकरांनी कुठूनतरी एक तयार नमुना मिळवला, मी त्यात वस्तूचं नाव बदललं आणि आम्ही ती पाठवून दिली. पाठवल्यावर मी ती वाचली. नमुना एका जहाजाचा होता. एक्केचाळिसाव्या पानावर खलाशी समुद्रात पडल्यास करावयाची कार्यवाही तपशीलवार दिली होती. मी लगेच दुरुस्ती कळवायला हवी होती. पण तोवर आमच्याकडच्या तीन साहेबांनी योजना वाचून मंजूर केल्याच्या सह्या तिच्यावर होत्या, आणि तिला कोण वाचतं हे कळायचा दुसरा मार्ग मला दिसेना. मी ते पान राहू दिलं.

मग धोक्यांची नोंदवही सुरू झाली. यात प्रत्येक धोक्याला एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी 'बंद' असं लिहून सही. सगळ्या ओळी बंद झाल्याशिवाय डबा कारखान्याबाहेर पडू शकत नाही. ओळी बंद करायला सर्वांत सोपी गोष्ट पट्टी. डोक्याला दार लागतं, पट्टी. पाय घसरतो, पट्टी. पहिला डबा तयार झाला तेव्हा त्यावर इतक्या पिवळ्याधमक पट्ट्या होत्या की शेतात उभा केला असता तर दमणहून दिसला असता.

सैन्याकडून तपासणीला येणारे कर्नलसाहेब निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली.

"मॅडम, बहुत अच्छी सूचनाएँ हैं," ते म्हणाले. "दुश्मन भी पढ़ लेगा."

नियम असा होता की डब्याच्या बाहेरच्या अंगावर हिरव्या-मातकट रंगांखेरीज काहीही चालणार नाही. दुसरा नियम असा की धोक्याच्या जागी पट्टी हवीच. दोन्ही नियम दोन वेगळ्या कार्यालयांचे होते. अभ्यंकरांनी त्यातून मार्ग काढला: पट्ट्या हिरव्या करायच्या, अक्षरंही हिरवी, किंचित गडद. नव्या पट्ट्यांचं स्वतंत्र ड्रॉइंग झालं, ते स्वतंत्रपणे मंजूरही झालं. अशा रीतीने धोक्याचा इशारा आपण दिला आणि तो कोणालाही दिसणार नाही याचीही खात्री केली.

या पट्ट्यांपैकी एकीवर लिहिलं होतं, 'गरम है, हाथ न लगाएँ'. ती जनरेटरच्या धुराड्याच्या पाइपाशेजारी होती.

हा पाइप मी ड्रॉइंगवरच पकडला होता. मागच्या दाराला शिडी, आणि शिडीच्या उजव्या अंगाला, बरोबर हाताच्या उंचीवर, तो उभा पाइप. मी म्हटलं, उतरताना माणूस तो धरणार. अभ्यंकर हसले.

"मॅडम, मुद्दा नोंदवून घेतलाय. पण शहाणा माणूस गरम पाइपाला हात कशाला लावेल?"

"तो शहाणा असेल. त्याचा हात असेलच असं नाही."

नोंदवहीत ओळ आली. ओळीपुढे पट्टी आली. 'बंद'च्या रकान्यात माझी सही तेवढी राहिली होती, ती मी आज करते उद्या करते करत टाळत होते. त्याच आठवड्यात जनरेटरची चाचणी चालू असताना फिटर सुखलाल डब्यातून खाली उतरला आणि त्याने पाइप धरला.

सुखलाल शहाद्याकडचा. ठेकेदारामार्फत आलेला, आठ वर्षं आमच्याकडे, किलवणीला भाड्याच्या खोलीत बायको-मुलीसह राहणारा. मुलगी नववीत. कामाला असा की त्याने बसवलेलं दार लावताना आवाज येत नसे. उजव्या तळहाताची सगळी कातडी गेली. दवाखान्यातून पट्टी बांधून तो माझ्या खोलीत येऊन बसला, कारण अपघाताचा फॉर्म माझ्याकडे भरायचा असतो.

"काय झालं, सुखलाल?"

"काय होणार, मॅडम. पाय खाली टाकला, तर हात मंग कुठंतरी जाईलच ना. तिथं तोच होता."

"पट्टी वाचली नाही?"

"कोणती पट्टी?"

आठ महिने तो त्या डब्यावर काम करत होता. ती पट्टी त्यानेच चिकटवली होती.

फॉर्ममध्ये 'अपघाताचे कारण' असा एक रकाना असतो, आणि त्यात निवडायला चार पर्याय. पहिला पर्याय 'कामगाराचा निष्काळजीपणा'. संध्याकाळी आमचे सरव्यवस्थापक देसाईसाहेब खोलीत आले. वापीहून रोज स्वतः गाडी चालवत येणारा, मनाने चांगला माणूस. फक्त कोणतीही अडचण दुपारी चारनंतर शिल्लक राहिलेली त्यांना आवडत नसे.

"मेडम, शुक्रवारी कर्नलसाहेब फायनल तपासणीला येते. तुमी पहिल्या पर्यायावर खूण करा ने. ओळ पण बंद, फॉर्म पण बंद."

"आणि सुखलाल?"

"ठेकेदार बघून घेल."

ठेकेदार काय बघून घेतो हे मला माहीत होतं. निष्काळजी माणसाला तो दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतो. हे मला माहीत असण्याचं कारण मी सांगायला हवं. पुष्कळ वर्षांपूर्वी, आइस्क्रीमच्या काळात, पत्रा कापायच्या यंत्रात एकाचं बोट गेलं. यंत्राचं झाकण कुणीतरी आधीच काढून ठेवलं होतं, आणि ते मी पाहिलं होतं. तरी मी पहिल्या पर्यायावर खूण केली, कारण मी नवी होते आणि तो पर्याय पहिला होता. तो माणूस पुढे मला सिल्वासाच्या बाजारात भाजी विकताना भेटायचा. माझ्याशी नीट बोलायचा, कोथिंबीर वर द्यायचा. ती कोथिंबीर मी कधी आनंदाने खाल्लेली नाही.

मी देसाईसाहेबांना म्हटलं, शुक्रवारपर्यंत फॉर्म माझ्याकडे राहू दे.

सुखलाल दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊन बसला. ठेकेदाराने काम नाही म्हटलं होतं, आणि घरी बसला तर बायको विचारते.

"मॅडम, तुम्ही एकडाव उतरून पाहा," तो म्हणाला.

जनरेटर बंद होता, पाइप गार. मी डब्यात चढले, वळले, पाठमोरी होऊन पाय खाली टाकला. पाइप कुठे आहे हे मला माहीत होतं. त्याच्यावर मी तीन पत्रं लिहिली होती. तरी खाली पोचले तेव्हा माझा उजवा हात त्याच्यावर होता. इतका सोयीचा, हाताला इतका बेताचा पाइप की तो मुद्दाम धरायला बसवला असावा.

सुखलाल हसला नाही. "सगळे धरता," तो म्हणाला. "गार असतो म्हणून कळत नै कोनाले."

"हे अभ्यंकरांना पटवायचं कसं? ते म्हणतील बाईमाणूस, धरलं."

त्याने आपला बांधलेला हात वर करून पाहिला. मग म्हणाला, "ब्लू लावू ना, मॅडम."

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. दोन लोखंडी भाग एकमेकांवर नीट बसतात का हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून फिटर लोक एका भागाला निळा चिकट रंग अगदी पातळ पुसतात, दुसरा भाग त्यावर दाबतात आणि उचलून बघतात. जिथे निळं उमटलं तिथे स्पर्श झाला. यात वाद घालता येत नाही. आमच्या कारखान्यात खरं काय आहे हे शोधायची ही एकच पद्धत मला माहीत आहे जिला बैठक लागत नाही.

मी आधी त्या रंगाच्या डबीबरोबर येणारं माहितीपत्रक वाचलं. त्वचेला अपाय नाही. साबणाने सहजी जात नाही, तीन-चार दिवस राहतो. असली पत्रकं आम्ही कपाटात शेकड्यांनी जपून ठेवली होती, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं गेलेलं हे पहिलंच. शुक्रवारी सकाळी सुखलालने डाव्या हाताने पाइपाला निळा रंग पुसला. हिरव्यावर तो अजिबात दिसत नव्हता. हिरव्यावर काय दिसत नाही याचा आमच्याकडे दांडगा अनुभव होता.

कर्नलसाहेब दहाला आले. देसाईसाहेब पांढऱ्याशुभ्र शर्टात होते. अभ्यंकरांनी सगळ्यांना डब्यात नेऊन बसण्याची जागा, दिवे, थंड हवा दाखवली. जनरेटर मात्र मी चालू करू दिला नाही. म्हटलं, अपघाताची चौकशी पुरी व्हायची आहे. मी शिडीपासून चार पावलांवर उभी होते. सुखलाल पलीकडे खांबाला टेकून, बांधलेला हात पाठीमागे घेऊन.

सगळे एकेक करून उतरले. मग मंडळी बैठकीच्या खोलीत गेली आणि चहा-समोसे आले.

पहिला निळा समोसा देसाईसाहेबांच्या हातात दिसला. त्यांना तो दिसला नाही. त्यांनी तो खाल्ला, मग हात शर्टाला पुसला, मग कपाळाचा घाम पुसला. खरेदी विभागाच्या माणसाने नाक खाजवलं. अभ्यंकर पडद्यापाशी उभे राहून वर्तुळं समजावत होते. 'मानवी घटकांचा विचार' या वर्तुळावर त्यांनी हात ठेवला आणि तो उचलला तेव्हा पांढऱ्या पडद्यावर पाचही बोटं उमटली होती. त्यांनी दुसऱ्या हाताने ती पुसायला घेतली. तोही निळा होता. खोलीत दोन्ही हातांनी पाइप धरणारे ते एकटेच निघाले.

कर्नलसाहेबांनी आपला पेला खाली ठेवला, उजवा तळहात उलटा करून पाहिला. मग सगळ्यांच्या तळहातांकडे पाहिलं.

"ये क्या है, मॅडम?"

"सर, ये जहाँ जलना था, वो जगह है," मी म्हटलं. माझं हिंदी एवढंच आहे.

देसाईसाहेब कपाळाला हात लावणार होते, तो त्यांनी मध्येच थांबवला.

"किसका जला?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

मी सुखलालला आत बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला. कर्नलसाहेब उठून त्याच्यापाशी गेले, त्याचा बांधलेला हात पाहिला, मग स्वतःचा निळा हात त्याच्याशेजारी धरून पाहिला. त्याची पट्टी आणि यांचा डाग एकाच जागी होते.

"कितना हटाना पड़ेगा?" त्यांनी अभ्यंकरांना विचारलं.

"सर, चाळीस सेंटिमीटर... पण ड्रॉइंग कायम झालंय, सर. बदलायचं म्हणजे सात सह्या."

अभ्यंकर घाबरले की मराठीतच बोलायचे. कर्नलसाहेबांना ते कळलं असावं. त्यांनी स्वीकृतीचा कागद उघडला, पेन काढलं, आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"आठवीं मेरी है," ते म्हणाले. "अभी कर देता, पर हाथ गंदा है. पाइप हट जाए तो बुलाइए, धोकर आऊँगा."

सात सह्यांना आमच्याकडे साधारण दीड महिना लागतो. त्या सोमवारी दुपारी दोनच्या आत झाल्या. सहीसाठी आलेल्या कागदावर चार ठिकाणी निळे अंगठे होते. अभ्यंकरांनी बदलाचं कारण लिहिलं, 'दृश्य समतोल सुधारण्यासाठी'. मी हरकत घेतली नाही. पाइप शिडीपासून आणखी चाळीस सेंटिमीटर लांब सरकला, आणि त्याच्या जागी सुखलालच्या सांगण्यावरून धरायला एक साधी दांडी आली.

फॉर्म राहिला होता. चार पर्यायांपैकी एकही लागू होईना, म्हणून मी समासात लिहिलं: 'धरायला दुसरे काही नव्हते.' देसाईसाहेबांनी ते वाचलं. कपाळावरचा निळा पट्टा अजून पुरता गेला नव्हता.

"मेडम, असा पर्याय नाही ने फॉर्ममध्ये."

"म्हणून तर समासात लिहिलाय, साहेब."

त्यांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. त्यांनी सही केली, ठेकेदाराला फोन लावला आणि त्याच्याशी ते जे गुजरातीत बोलले ते मी इथे लिहीत नाही. हात बरा होईपर्यंत सुखलाल स्टोअरला बसला, मग परत फिटिंगला गेला. मुलगी दहावीला सिल्वासाच्याच शाळेत बसली.

पाइप हलल्यावर कर्नलसाहेब हात धुऊन आठवी सही करायला आले. जाताना ते मला म्हणाले, "मॅडम, एक बात पूछनी थी. आपकी योजना, पन्ना इकतालीस. ये कौनसा समंदर है?"

बत्तीस वर्षांत माझी योजना वाचणारा हा एकच वाचक मला भेटला. "सर, दमण पास में है," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं. ते पान दुरुस्त करून मी त्याच रात्री पाठवलं.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पाइप हलल्यानंतरचे सगळे डबे नव्या ड्रॉइंगप्रमाणे झाले. मध्यंतरी एका तुकडीकडून पत्र आलं होतं, त्याची नक्कल अभ्यंकरांनी मला मोबाइलवर पाठवली. शिडीजवळ हिरव्या अक्षरांत 'गरम है, हाथ न लगाएँ' असं लिहिलेलं सापडलं, परंतु त्या ठिकाणी थंड दांडी आहे. तरी नेमकं काय गरम आहे ते कळवावं, अशी विनंती होती. पट्ट्यांचं ड्रॉइंग स्वतंत्र आणि स्वतंत्रपणे मंजूर झालेलं असल्यामुळे पाइपाबरोबर पट्टी हललेली नाही. ती प्रत्येक डब्यावर जुन्याच जागी लागते. सुखलाल लावतो, उजव्या हाताने.